नवव्या रात्रीचं पाणी

जालन्यात आमच्या गल्लीला नवव्या दिवशी पाणी येतं,
तेही रात्री अडीचला, कधी पावणेतीनला.
नळ आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो,
आणि सगळ्या बायका न बोलता उठतात.

दिवसा मी एक्स-रे काढते.
मनगटं, बरगड्या, घसरून पडलेल्यांची माकडहाडं.
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
दिवसातून साठ वेळा एवढंच बोलणं.
माणूस आतून कसा असतो ते मला कळतं,
असा माझा समज होता.

अ‍ॅपवर मी द्वारका नव्हते, दिया होते.
वय दोन वर्षांनी कमी,
फोटो मावसबहिणीच्या लग्नातला, पत्ता पुण्याचा.
म्हणजे खोटं मीही बोलले, हे आधीच सांगते.

तो नचिकेत. नाशकात, द्राक्षांच्या कंपनीत.
फोटोत मागे डोंगर, कडेवर कुणाचं तरी मांजर.
तुम्ही हसाल, पण मी भाळले ती त्याच्या शुद्धलेखनावर.
पाणी लिहिताना बाणातला ण काढणारा
तो मला भेटलेला पहिलाच पुरुष.

चार महिने.
व्हिडिओ लावायचा म्हटलं की त्याचा कॅमेरा बिघडलेला.
पैसे मागितले असते तर कळलं असतं.
वाकडं बोलला असता तरी कळलं असतं.
जेवलीस का, एवढंच विचारायचा.
कशासोबत, तेवढंच.

मग ती रात्र. तीस हंडे, दोन टाक्या,
कंबरेचा काटा ढिला.
साडेचारला फोन उचलला तर त्याचा मेसेज:
‘झोप आता. पाणी भरून दमली असशील.’

मी हसले. बदाम पाठवला.
पाय धुवायला वाकले
आणि तांब्या हातातच राहिला.

पाण्याचं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.
दियाच्या घरी चोवीस तास नळ होता.

सगळे मेसेज उलटे वाचत गेले,
हाडातली केसाएवढी चीर शोधतात तसे.
काही नाही. सगळं गुळगुळीत.

पुढचे आठ दिवस
दुधाच्या पिशव्या टाकणारा, मागच्या खोलीतला भाडेकरू,
गच्चीवर जोर मारणारा,
व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून जाणारा,
सगळ्यांचे अंगठे बघत फिरले.
‘गप्प का आहेस?’ तो विचारायचा.
‘ऑफिसात काम,’ पुण्यातून दिया लिहायची,
आणि मी खिडकीवर चादर ठोकायची.

आठव्या दिवशी पंचफुलाकाकूंना सांगितलं.
वाटलं, शिव्या बसतील. बसल्याच.
‘कामून गं, गल्लीतली माणसं मेली होती का बोलाया?’
मग चपला घातल्या
आणि तरातरा शकीलाबीकडं गेल्या.

नववी रात्र. दोन पन्नास. नळ खोकला.
बायका उठल्या, पण हंडे पालथेच.
मी ओट्यावर उभी राहून त्याला कॉल लावला.

आधी नुसतं पाणी ऐकू आलं.
मग वरून, फार जवळून,
एक बारीक धून.
लगेच दाबली कुणीतरी, तळहाताखाली, पोटाशी.
पण गल्ली अरुंद आहे आमची.

चौदा बॅटऱ्या एकदम वर गेल्या.
नळ मोकळे वाहत होते,
नऊ दिवसांनी आलेलं पाणी गटारात चाललं होतं,
आणि एकीनंही खाली बघितलं नाही.

उजेडात आधी कठडा धरलेली बोटं दिसली,
मग गुडघे,
मग तोंडावर घेतलेला हात.
माझ्या तोंडून सवयीचंच निघालं:
श्वास रोखा. हलू नका.

कोण होता, ते इथं लिहीत नाही.
चौदातली एक बॅटरी तेवढ्यात विझली,
आणि त्या अंधाराच्या जागेवरून
कुणीतरी हंडा नळाखाली सरकवल्याचा
आवाज आला.